शेंदेमीठ

"परत सांगा आजी, काय खाल्लं?"

डॉक्टरनं आईला तिसऱ्यांदा विचारलं. खाटेभोवती चार शिकाऊ डॉक्टर अन् दोन नव्या सिस्टर. ऐकायला म्हणून त्यानं मुद्दाम हाका मारून बोलावलेल्या. आईला धाप लागलेली, पाय सुजून टम्म. तरी ती हसत सांगायला लागली, "मीठ नाय खाल्लं साहेब. शेंदेमीठ टाकलं, उपासाचं. ते चालतंय की."

सगळे खो खो हसले. आईला वाटलं, साहेब खूश झाले. म्हणून तीही हसली. तिचं ते हसू मला आजही सहन होत नाय.

औरंगाबादेतला बडा खासगी दवाखाना. आई बिडकीनची, उभा जन्म रानात राबलेली. हृदय थकलं, अंगात पाणी साचलं, म्हणून आणली होती. पहिल्यांदा घरी सोडताना ह्याच शहाण्यानं चालता चालता सांगितलं, "मीठ बंद. पाणी मोजून. जड काम नाही. गोळ्या कागदावर आहेत."

कागद सगळा इंग्रजी. मी दहावी शिकलेली, वाळूजला कंपनीत पॅकिंग करायची. त्याच्या मागं पळत जाऊन विचारलं, "साहेब, मीठ बंद म्हणजे कसं? अन् पाणी किती?"

तो थांबला. माझ्या चपलांकडं बघितलं. "मीठ बंद म्हणजे मीठ बंद. ह्या लोकांना एवढंही डोकं नसतं," म्हणला अन् गेला. मी त्याला तसंच जाऊ दिलं. माझी चूक ती. अंगारा बांधून घ्यावा तसा तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

आमच्याकडं सोमवारचा उपास. उपासाला मीठ चालत नाय, शेंदेमीठ चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच, असं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. आईनं रोजच्या भाजीत शेंदेमीठ सुरू केलं. औषध घ्यावं तसं, श्रद्धेनं. आठ दिवसांत श्वास पुरेना. तेही मीठच असतं, हे आम्हाला दवाखान्यात परत आल्यावर कळलं.

ह्यात हसायचं काय होतं? एवढी जाडजाड पुस्तकं घोकली, भिंतीवर सर्टिफिकिटं टांगली, पण बाई घरी भाजीत काय टाकते हे विचारायची अक्कल आली नाय. अन् अडाणी कोण? माझी आई!

"आजी, आता ह्या मॅडमलाही सांगा," तो चौथ्यांदा म्हणला. एक शिकाऊ डॉक्टरीण आत्ताच आली होती.

आईनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "बास, आई. एक शब्द बोलायचा नाय."

त्याच्याकडं वळले. "तमाशा झाला असंल तर आता मराठीत लिहून द्या. कोणती गोळी कशाची, पाणी किती तांबे, लोणचं-पापड चालतं का, रानात जायचं का नाय. एकेक ओळ मला कळंपर्यंत आम्ही खाट सोडणार नाय."

"तू मला शिकवणार?"

"व्हय. तुम्हाला सांगता येत नाय, हे कुणीतरी तोंडावर सांगायला पाहिजे."

ह्या वेळी कुणी हसलं नाय. त्यानं एक कोरा कागद त्या डॉक्टरणीच्या हातात कोंबला अन् चालता झाला. तिनं लिहिलं. मी खोदून खोदून विचारलं.

आई पुढं वर्षभर जगली. शेवटपर्यंत म्हणायची, "मोठ्या माणसाला असं बोलू नये गं." ती भ्यायली, तिला भ्यायलाच शिकवलं होतं. मी बोलते. आमच्या गल्लीतलं कुणीही दवाखान्यात असलं की मी खाटेशी जाऊन उभी राहते. डॉक्टर घड्याळ बघतो. बघू दे. माझे प्रश्न संपल्याशिवाय मी त्याच्या वाटेतून बाजूला होत नाय.