ताई बागेत झोपली, किल्ला राहून गेला

व्हिसाचं एकदाचं मार्गी लागलं आणि मी अमेरिकेतून पहिला फोन ताईला केला. "चँडलरहून स्कॉटलंडला येतेय. एक दिवस सुट्टी मिळेल?" ताई अ‍ॅबर्डीनच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नागपूर सुटल्यापासून आम्ही फोनवरच भेटत होतो. आई गेली तेव्हाही मला नागपूरला जाता आलं नव्हतं. ताईनं एकटीनं सगळं निभावलं.

फिनिक्सहून लंडन, तिथून एडिंबरा, पुढे अ‍ॅबर्डीनपर्यंत ट्रेन. ट्रेनचं तिकीट आधी बुक करा आणि जाताना उजवीकडे बसा, समुद्र दिसतो.

ताई नाइट ड्यूटी संपवून थेट बस स्टँडवर आली. तिथून बसनं शहराबाहेरचा एक जुना किल्ला बघायला जायचं होतं.

"अगं, थोडं झोपायचंस तरी!"

"तू उद्या जातेयस ना?"

किल्ला गुलाबीसर, टोकदार मनोऱ्यांचा. आतली टूर मी दुपारची बुक केली होती, म्हणून आधी बाग. उंच दगडी भिंतींच्या आत गुलाब आणि माणसाच्या उंचीची निळी फुलं. अ‍ॅरिझोनात खडी आणि निवडुंग बघणारी मी हावरटासारखी बघत सुटले. कॅफेत मसुराचं सूप घेतलं. "हे आपलं वरणच," ताई म्हणाली, "फोडणी विसरलेलं."

मग बाकावर बसलो. मी विचारलं, "आई शेवटी कशी होती गं?"

"शांत होती. संध्याकाळी वेणी घालून मागायची. मी घालायला बसले की..."

वाक्य तिथंच थांबलं. ताईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं.

टूरची वेळ झाली. गाइड बाई बोलवायला आली. "आतून फार सुंदर आहे, चुकवू नका."

"माझी बहीण झोपलीय," मी हळूच म्हटलं.

तिनं ताईकडे पाहिलं आणि मागून येणाऱ्या ग्रुपला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

ताई उठली तेव्हा किल्ला बंद होत आला होता. "उठवलं का नाहीस? एवढ्या लांबून आलीस!" ती रडवेली झाली. मला मात्र काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. फक्त दिवस संपायला नको होता.

परत आल्यावर इथं मैत्रिणी विचारतात, किल्ला आतून कसा आहे? मी सांगते, बागेचं तिकीट वेगळं मिळतं, तेवढंही पुरतं.

रविवारी ताईचा फोन येतो. बोलणं संपलं तरी आम्ही तो ठेवत नाही. पलीकडे तिचा नळ वाहतो, भांडी वाजतात. इकडे मी कणीक मळते. तेवढा वेळ आम्ही एका घरात असतो.