वॉचमनची हाक

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

चांदीप गावच्या एका शेतकऱ्याचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, कोनीतरी टेम्पो भरून कुत्रे सोडून गेलाय. एक व्यालेली हाय, पन पिल्लं नाय."

ठाणे अंमलदार हसला. "आता कुत्र्यांची मिसिंगची तक्रार घ्यायची का, साहेब?" मलाही हसू आलं. पण भटकी कुत्री त्यांच्या जागेवरून अशी उचलून टाकता येत नाहीत. पकडून नसबंदी केली तरी परत तिथेच सोडावी लागतात, असा नियम आहे.

दुसऱ्याच दिवशी सातिवलीजवळच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला. जिन्याखाली पिल्लं केकाटतात म्हणे, बंदोबस्त करा. मी विचारलं, "त्यांची आई कुठंय?" गडी गडबडला. "वॉचमनला विचारा," म्हणाला.

वॉचमनला ठाण्यात बोलावलं. साठीचा होता. रोज आपल्या डब्यातली चपाती तो सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना घालायचा. खुर्ची दिली तरी बसेना.

"टेम्पोवाल्याच्या जाळीत एकही येईना, साहेब. मग सेक्रेटरी म्हणाले, तू हाक मार, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"मग?"

"मारली. सगळी आली. पिल्लंवाली सगळ्यांच्या आधी."

सेक्रेटरी आणि टेम्पोवाल्यावर गुन्हा नोंदवला. सेक्रेटरीला त्याचं काहीच वाटलं नाही. "कुत्र्यांसाठी केस?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

पण पिल्लं दुधाविना मरायला टेकली होती. वॉचमनला घेऊन आम्ही चांदीपला गेलो. पिल्लांची आई बांधाआड लपलेली, बिस्किटं टाकली तरी पुढे येईना. मी वॉचमनला म्हटलं, "काका, तुम्हीच बोलवा."

"कुठल्या तोंडानं बोलवू, साहेब?"

"बोलवा म्हणतो ना!"

त्याने हाक मारली. ती शेपूट हलवत धावत आली, त्याचे पाय हुंगले आणि आपणहून आमच्या गाडीत चढली. तो जमिनीकडेच बघत राहिला. पिल्लं वाचली. सहकाऱ्यांनी माझं कौतुक केलं, ते मला ऐकवेना.

कारण फरारी आरोपी सापडत नसला की आम्ही त्याच्या आईला ठाण्यात बसवून फोन करायला लावतो. "ये बाबा, जेवून जा," एवढंच तिने म्हणायचं. याला मी नोकरीभर चांगला तपास म्हणत आलो. फोन ठेवल्यावर त्या बायका कुणाकडेच बघायच्या नाहीत. पोलिसांना घाबरल्या असतील, असं मी समजायचो. त्यांना लाज वाटत होती, आणि ती वाटायला हवी होती मला.