धोंड्याच्या महिन्यातलं दूध

दूध हे पूर्णान्न आहे. सांगलीत मी ज्या शाळेत शिकवत असे, तिच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. भिंतीला पोट नसतं, त्यामुळे तिला असं ठामपणे बोलता यायचं.

मला दही चालायचं, ताक तांब्याने चालायचं, कंदी पेढेही दोन-तीन चालायचे. नुसतं दूध घेतलं की मात्र तासाभरात पोटात कुणीतरी बाकं सरकवू लागायचं.

दुष्काळ सरल्यावर जो पहिला धोंड्याचा महिना आला, त्यात रिवाजाप्रमाणे नवा जावई म्हणून मी कोरेगावजवळ सासुरवाडीला गेलो. पहिल्या दिवशी धड उजाडलंही नव्हतं. भुरभुर पावसात ऊस आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती. त्या राखाडी ओलाव्यातून सासरे फेसाळलेला तांब्या घेऊन आले. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. मी जागा होतो की नाही, हे आजही नक्की सांगता येत नाही.

"घ्या पावनं. धारोष्ण हाय. आमच्या म्हशीच्या दुधानं कुणी आजारी पडलं न्हाई अजून."

सुभेदाराला नाही म्हणायचं मला जमलं नाही. तासाभरानं टमरेल घेऊन मी उसाच्या कडेला होतो. पाती अंगावर थेंब सोडत होती, लांब विहिरीवर इंजिन पुकपुकत होतं. जगात मी, ऊस आणि ते इंजिन एवढंच उरलंय असं वाटून फार शांत वाटलं. मग पुन्हा कळ आली.

संध्याकाळी मी म्हणालो, "दूध जरा बाधलं."

माझ्या मते हे वाक्य माझ्या पोटाबद्दल होतं. त्या घरात ते म्हशीबद्दल ठरलं. बाधलं म्हणजे तिलाच कसली तरी बाधा झाली असणार. सासूबाईंनी तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या, तिचा चारा बदलला. दुसऱ्या सकाळी खात्रीसाठी पुन्हा तांब्या आला. मी पुन्हा उसात. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी म्हैस विकायची म्हणून गुरांचा दलाल बोलावला.

बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई जेवली न्हाई. माहेराहून रेडकू आणून वाढवलीय तिनं. दुष्काळात गुरांच्या छावणीत तिच्याशेजारी झोपायची. आवं, तुमचं पोट लय नाजूक हाय, तर तसं सांगा की."

दलाल म्हशीचे दात बघत होता. मी पुढं झालो. "म्हशीत खोट नाही, माझ्यात आहे. मला दूध कधीच पचलं नाही."

मग शिक्षक असल्यामुळे मी थांबू शकलो नाही. दुधात एक साखर असते. ती पचवणारा रस काहींच्या पोटात वयाबरोबर आटतो. दही लागताना त्यातली बरीच साखर विरजणच खाऊन टाकतं, म्हणून दही सोसत असावं. असं मी वाचलं होतं.

दलालानं म्हशीचं तोंड सोडलं. "म्हंजे म्हस दुभती हाय, जावय भाकड."

सासरे माझ्याकडं बघत राहिले. आपल्या लेकीचं काय झालं, असं त्या नजरेत होतं.

गोठ्यातून सासूबाईंचा आवाज आला. "आवं, आता तुमीबी सांगा. पल्टनीतनं आल्यापासनं किती दूध प्यालासा?"

सासऱ्यांनी आभाळाकडं पाहिलं आणि पाऊस उघडेल असं सांगितलं. मग दलालाला चहा दिला आणि वाटेला लावलं. चहा कोरा होता.

चौथ्या सकाळी त्याच राखाडी ओलाव्यातून दोन तांबे आले. दोन्हींत ताक होतं. आम्ही ओट्यावर बसून ते प्यायलो. दुधाचा विषय निघाला नाही.

म्हैस नंतर नऊ वर्षं त्याच गोठ्यात होती. विरजणापुरतं ठेवून तिचं सगळं दूध डेअरीला जायचं.