टांकसाळीचं कललेलं अक्षर

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि नाणीवाल्या बाईंचा उजवा डोळा भिंगाला चिकटला होता. भिंगाखाली सोन्याचं नाणं होतं. एका बाजूला परक्या राणीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला साल आणि सालाखाली टांकसाळीची खूण म्हणून एक बारीक अक्षर. दुकानातल्या टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक बाईंचे धाकटे दीर, जुन्या वस्तूंचे दलाल. दुसरा ट्रकवाला. या नाण्याच्या बदल्यात त्याने आपला चालता ट्रक दिरांना देऊन टाकला होता, आणि दिरांनी तो त्याच आठवड्यात विकून खाल्ला होता.

"मावशी, बोला की," ट्रकवाला म्हणाला. "नाणं बघताय का जावई?"

"जावई बघायला एवढा वेळ लागत नाही."

आदल्या संध्याकाळी दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते. "वहिनी, उद्या एवढं एकदाच खरं म्हणा. माणूस बरा नाही तो. एकाचा हात ट्रकच्या दारात घालून चेचलाय त्याने." बाई काहीच बोलल्या नव्हत्या. दिरांनी तो होकार धरला.

धरायला कारणही होतं. बाईंचा नवरा पदकांचे ठसे कोरायचा, आणि प्यायला की बाईंना मारायचा. डावा कान त्यानेच बहिरा केला. एकदा त्याने बाईंचं डोकं याच टेबलावर आपटायला घेतलं, तेव्हा मध्ये पडले ते हे दीर. त्यात त्यांची बरगडी मोडली. पुढे नवरा गेला, बाईंनी त्याचं भिंग उचललं आणि पोटापाण्याला लागल्या. त्यांनी खरं म्हटलेलं नाणं आजवर कुणी परत आणलं नव्हतं. घरात दुसरी कमाई नव्हती.

आता राहिलं ते अक्षर. गोऱ्यांनी खाणीच्या तोंडाशी एक टांकसाळ काढली होती. दिवस मावळला की मजुरांना नागवं करून झडती घेत. एकदा ठसे कोरणाऱ्या कारागिराच्या नखांत सोन्याचा कीस सापडला. साहेबाने छिन्नीने त्याच्या उजव्या हाताची बोटं तोडली. दुसरा कारागीर मिळेना, म्हणून जखम सुकायच्या आत त्यालाच पुन्हा कामावर बसवलं. त्याने टांकसाळीचं अक्षर डाव्या हाताने कोरलं आणि ते एका अंगाला कललं. वर्ष सरायच्या आत मजुरांनी साहेबाला भट्टीत ढकललं. फौज आली, माणसं फासावर गेली, टांकसाळीला कुलूप लागलं. तिथली नाणी बोटीने नेऊन वितळवली. जी चुकून वाचली, त्यांना आज मागाल ती किंमत मिळते. ही हकिकत धंद्यात तोंडोतोंडी चालत आलेली, खरी किती आणि मीठमसाला किती ते कुणी सांगू शकत नाही. अक्षर मात्र दर नाण्यावर कललेलं असतं.

भिंगाखालचं अक्षर ताठ उभं होतं. नाणं दुसऱ्या, मोठ्या टांकसाळीचं. तिथे अशी लाखांनी पाडली गेली. अक्षर एका सोनाराने मागून डकवलं होतं. त्याने नमुन्याबरहुकूम वाकडंच केलं होतं, पण गिऱ्हाईक वाकड्याला नाक मुरडेल म्हणून दिरांनी ते सरळ करून घेतलं. अर्धवट माहितीचा माणूस आपल्याच हाताने आपला खड्डा खणतो, तो असा.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "सोनं खरं आहे."

दिरांनी श्वास सोडला.

"नाणंही खरं. अक्षर डकवलेलं आहे."

ट्रकवाला उठला, दाराला कडी घातली आणि दिरांची मान धरून त्यांचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. एक दात नाण्याशेजारी येऊन पडला.

"ट्रक कुठाय?"

"विकला."

टेबलाच्या कोपऱ्याला ठसा कोरताना तो घट्ट धरून ठेवणारा नवऱ्याचा लोखंडी शेगडा अजून जखडलेला होता. ट्रकवाल्याने दिरांची बोटं त्याच्या दोन जबड्यांत घातली आणि दांडा फिरवला. "कुणाला विकला?"

दिरांना नाव सांगायचं होतं, पण तोंडात रक्त मावत नव्हतं. दांडा आणखी फिरला. हाड मोडल्याचा आवाज बाईंच्या चांगल्या कानाला नीट ऐकू आला.

"सोडा त्यांना," बाई म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही तुमचं काम केलंत. आता मला माझं करू द्या."

कागदांवर वजन म्हणून नवऱ्याच्या हातचा पोलादी ठसा असायचा, मुठीएवढा. बाईंनी तो उचलला आणि ट्रकवाल्याच्या गळ्याजवळच्या हाडावर घातला. तो वळला तेव्हा दुसरा घाव कानशिलावर बसला. ट्रकवाला खुर्चीसकट आडवा झाला, आणि उठायचा प्रयत्न करताना त्याला दिसलं की आपला उजवा हात उचलत नाही. बाईंनी आधी कडी काढून खालच्या हार्डवेअरवाल्याला हाक मारली, मग शेगडा उलटा फिरवला.

"एक शब्द," दीर म्हणाले. त्यांचं बोलणं फुटक्या ओठांतून गळत होतं. "एक शब्द खोटा बोलला असता, वहिनी, तर काय बिघडलं असतं?"

"हात वर धरा, भाऊजी. खाली सोडला की रक्त जास्त जातं."

"माझी बरगडी आठवली नाही?"

"आठवली. म्हणून तर रात्रभर झोप नव्हती." बाईंनी पदर फाडून बोटांना गुंडाळला. "होतंय का घट्ट?"

दिरांनी तोंड फिरवलं.

ट्रकवाल्याला पोलिसांनी नेलं. तो हाड मोडल्याचा डॉक्टरी दाखला घेऊन उलटी तक्रार देणार, असं हवालदाराने बाईंना सांगून ठेवलं. द्यावी, बाई म्हणाल्या. दिरांची मधली दोन बोटं वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. शस्त्रक्रियेआधी घरच्या माणसाची सही लागते. कोणाला बोलवायचं, असं नर्सने विचारलं, तेव्हा दीर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "वहिनीला."

शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठला आहे. बाईंच्या दारावर पाटी लागली आहे: उद्या दुकान बारा वाजता उघडेल.