सेमीफायनलची कॅसेट

फैजपूरचे गिरधरनाना मुलगा गेल्यावर रडले नाहीत. केळीला पाणी देत राहिले. लीलाधर अमेरिकेत शिकत होता, तिथेच मोटार उलटून वारला.

वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याच्या मित्रांनी पाठवलेली व्हिडिओ कॅसेट आली. त्यांच्या लहानशा कॉलेजचा संघ तिकडच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच सेमीफायनलला पोचला होता, आणि त्या सामन्यात लीलाधर प्रेक्षकांत दिसतो म्हणे.

श्राद्धाची जेवणं उरकल्यावर नानांनी भाऊबंदांसमोर भाड्याचा व्हीसीआर लावला. पडद्यावर नुसते पट्टे धावू लागले आणि मागे गर्दीचा गलका.

"अमेरिकेची कॅसेट आपल्या मशीनवर दिसत नाही, नाना," म्हणत मशीनवाला देवचंद बंद करायला उठला.

"राहू दे," नाना पट्ट्यांकडे बघत म्हणाले. "एवढ्या गलक्यात तोही ओरडत असीन."