सोनाबाईंचं मोहाचं झाड

"मॅडम, तुम्हीच पाहा ना. शाळेले कुलूप, अन् गुरुजी जंगलात मोहफुलं वेचून राहिले!"

शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी फोटो माझ्यापुढे सरकवला. फोटोत राऊत सर मोहाच्या झाडाखाली वाकलेले. हातात टोपली, आजूबाजूला मुलं. समोरच्या बाकावर खुद्द राऊत सर मान खाली घालून बसले होते.

मी निवृत्त शिक्षिका, राहायला नागपूरच्या मनीषनगरला. सरकारने मला आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार दिला, तेव्हा शाल-श्रीफळासोबत हेही काम गळ्यात पडेल असं कोणी बोललं नव्हतं. खासगी शाळेतल्या शिक्षकाला काढायचं तर आधी तीन जणांची चौकशी समिती बसवावी लागते. एक संस्थेचा माणूस, एक त्या शिक्षकाने निवडलेला आणि तिसरा पुरस्कारवाला शिक्षक. तिसरी मी. संस्थेतर्फे सचिव स्वतःच बसले होते. आरोप करणारे तेच, निकाल देणारेही तेच. राऊत सरांनी त्यांचे एक जुने सहकारी निवडले होते. ते बिचारे सचिवांकडे बघायलाही घाबरत होते.

राऊत सर कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातले. संस्थेची एक छोटी शाळा डोंगरपट्टीतल्या गोंड वस्तीत, तिथे ते शिकवत. संस्थेला ती शाळा बंद करून मुलं कळमेश्वरच्या वसतिगृहात न्यायची होती. सहा-सात वर्षांची लेकरं हो! राऊत सरांनी गावाला सांगितलं की घराजवळ शाळा मिळणं हा तुमच्या मुलांचा हक्क आहे. झालं! निलंबन. निलंबन म्हणजे शिकवणं बंद, हजेरी मात्र चालू. नागपूरला लागून असलेल्या वाडीला, ट्रकांच्या गोडाऊनशेजारी संस्थेचं ऑफिस आहे, तिथे या माणसाला कित्येक महिने दिवसभर बाकावर बसवून ठेवलं होतं. चहालासुद्धा कोणी विचारायचं नाही, असा शिपायाला हुकूम. सुनावणीही तिथेच चालली होती.

"दुसरा आरोप काय?" मी विचारलं.

"पालकांना भडकावलं."

"म्हणजे नेमकं काय केलं?"

"कायदा वाचून दाखवला."

"कायदा वाचणं हा गुन्हा कधीपासून झाला?"

"मॅडम, कसा वाचला ते पाहा ना! भडकवासाठी वाचला."

मी कपाळाला हात लावला. पण फोटोचं काय करायचं ते मलाही सुचेना. मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे गळतात आणि सगळं घर ती वेचून विकण्यासाठी जंगलात जातं. मुलंही जातात. मग वर्ग रिकामा. नेमकी तेव्हाच संस्थेने तपासणी ठेवली होती.

"मुलं शाळेत येईनात, म्हणून मी शाळाच झाडाखाली नेली," राऊत सर हळूच म्हणाले. "आधी फुलं, मग पाढे."

"अन् टोपली?" सचिव गरजले. "मॅडम, त्या लोकांत एकेक झाड एकेका घराचं असते. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. उचललं त चोरी. हे झाड एका विधवा म्हातारीचं आहे. फॉरेस्टगार्डनंच सांगितलं मले. तिलेच आणलं आहे मी साक्षीले."

चोरी सिद्ध झाली असती तर राऊत सरांची नोकरी गेली असती, आणि मागोमाग शाळेला कायमचं कुलूप.

सोनाबाई आत आल्या. वाळलेल्या, काटक. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

सचिवांनी फोटो दाखवला. "आजी, हे झाड तुमचंच ना?"

"माह्या मालकाचं व्हतं. त्याच्या बापानं त्याले देल्लं."

"मंग गुरुजी तुमच्या झाडाखाली काहून वेचून राहिले?"

"माहं नाही आता ते."

"म्हणजे?"

"शाळेले देल्लं मी."

मी पुढे सरकले. "आजी, कोणाला दिलं?"

"शाळेले वं बाई. मले लेकरू नाही. दिरानं मांगतलं, त्याले नाही म्हनलं. गावाची बैठक बसली, तिथं सांगतलं मी. त्या फुलाईवर पोराईच्या पाट्या येते, पुस्तकं येते. त्याच्याच खाली बसून वाचते ते. मले आयकाले गोड लागते."

"गुरुजींच्या नावावर का नाही दिलं?"

"गुरुजीले काहून देऊ? तो उद्या बदलून जाईन. शाळा त गावातच राहीन." मग सचिवांकडे वळून तिने सरळ विचारलं, "तुमी शाळा उचलून कळमेश्वरले नेतो म्हनता. मंग तिचं झाड कसं न्यान गा?"

त्या गावात झाड म्हणजे वारसा. सख्ख्या दिराला न दिलेला वारसा या बाईने शाळेला देऊन टाकला होता. ज्या शाळेत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिला तिने घरच्या वारसाचा मान दिला. मी तीसेक वर्षं शिकवलं, सत्कार घेतले, भाषणं ठोकली, पण शाळेवर एवढी माया करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मी उठले आणि तिचे पाय धरले. सचिवांनी "अहो मॅडम, समितीचे नियम!" म्हणून पाहिलं. म्हटलं, नियम मला पाठ आहेत.

राऊत सर रडत होते. आणि त्यांचे ते घाबरट सहकारी चक्क ताठ बसून म्हणाले, "अजून कोणी साक्षीदार आहे काय, सचिवसाहेब?"

अहवालात दोघांनी लिहिलं, आरोप सिद्ध नाहीत. सचिवांनी एकट्याने विरोध नोंदवला. संस्थेने बरेच दिवस टाळाटाळ केली आणि मग राऊत सरांना त्याच शाळेवर परत घ्यावं लागलं. माफी वगैरे कोणी मागितली नाही. उलट पहिल्याच आठवड्यात त्यांना नोटीस आली: शाळेला मिळालेलं झाड संस्थेच्या मालमत्तेत का दाखवलं नाही? गावाने पुन्हा बैठक घेतली आणि कळवलं की शाळेचं म्हणजे पोरांचं, संस्थेला हवं असेल तर तिने आपल्या झाडाखाली वेचावं.

त्यानंतर मी आणखी काही चौकश्या केल्या. साक्षीदाराचं काय गेलं, हे तर सगळेच विचारतात. त्याने आपण होऊन काय दिलं, हेही मी आता विचारते. सचिवांनी ते आधी विचारलं असतं, तर सोनाबाईंना त्यांनी नागपूरला आणलंच नसतं.