भुरीबाई भेटली का रडते

लिव पल्लवी, मी बोलतो तसंच लिव, मंधात सुधरवू नोको. भुरीबाईचं सांगतो.

आपल्या बाजूचं गुलाबी घर हाये ना, थे नवीननं बांधलं. नवीन म्हन्जे भुरीबाईचा पोरगा, बँकीत लागलेला. त्याचा बाप गेला, मंग मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यायच्या तांड्यावर बुढी एकटी कायले ठेवा म्हून त्यानं तिले इथं शेलूबजारले आनलं. नवी आली तवा तिले काहीच गोड लागे ना. घरात गुळगुळीत फरशी, तिले वाटे आता पडतो का मंग पडतो. घरात नळ, तरी बादली घिऊन हापशीवर जाये. काहून? त तिथं बाया भेटतेत म्हून. पन आपल्या बाया आपल्यातच बोलत, हे उभी राहे अन् पानी घिऊन वापस.

एक दिवस सकायी तिच्या घरून असं रडनं उठलं का मह्या हातातला चहा सांडला. दोन बाया सुरात रडून राह्यल्या, "याडी ये, याडी ये" करून. याडी म्हन्जे त्यायच्या बोलीत माय. मले वाटलं नवीनचंच काही झालं. मेल्याच्या घरी चूल पेटत नाई म्हून मी घाईघाईनं भाकरी थापल्या, बेसन टाकलं, टोपलं घिऊन डोये पुसत पुसत गेली. पाहतो त नवीन आरशापुढं दाढी करून राह्यला. टोपलं सुटतच होतं हातातून.

"कोन गेलं व?" मी इचारलं.

"कोनी नाई गेलं, बाई. मही ननंद आली."

ननंद आली त एवढं रडतेत काव, मी म्हनली. दोघी हासाले लागल्या. भाकर मातर बसून खाल्ली, वरून बेसनात मीठ कमी हाये म्हने.

मंग तिनं सांगतलं. त्यायच्यात लय दिसानं भेटलं का गयात पडून रडा लागते. रडता रडताच सगयं सांगाचं, कोन मेलं, कोनाचं लगन झालं, कोनाची गाय याली. एकीनं म्हनलं का दुसरीनं झेलाचं. थे झालं का मंग चहापानी.

थे ननंद दुसऱ्या साली ऊस तोडाले गेली, तिकडंच तापानं गेली. मंग तांड्यावरून कोनीच आलं नाई. भुरीबाई सुकत चालली. मी म्हनलं, बाई, सुनेपाशी रड, मन हलकं कर. त मले म्हने, "तिच्यापाशी कसं रडू? थे त रोजच भेटते."

तांड्यावर नेऊन दे म्हून नवीनच्या मांगं लागली. त्यानं गाडीवर नेलं. तांड्यात सगयी मानसं ऊसाले गेलेली, दाराले कुलपं, एक बुढा अन् बकऱ्या. संध्याकायी वापस आली, चपला काढल्या अन् भिताडाकडं तोंड करून निजली. मी गेली तरी उठली नाई.

त्याच साली तुह्या नीलिमा आत्याच्या बायतपनाले मी पुन्याले गेली. लय दिसानं आली. जीपीतून उतरतच होती, त भुरीबाई रोडावर धावत आली अन् मह्या गयात पडली. चालू झालं तिचं. मले आंधी लाजच आली, जीपीतले लोक पाहून राह्यले. तिनं एक बोल म्हनला अन् थांबली. झेलाची पाळी मही होती. मले तिची बोली काय येते?

मंग मह्या तोंडून आपसुक निंगालं, "माय व, मह्या शिरपूरची माय व."

मही माय गेली तवा तुहा बाप पोटात होता, मले शिरपूरले जाऊ देल्लं नोतं कोनी. तिनं थे झेललं तिच्या बोलीत. काय म्हनलं थे मले समजलं नाई. मी पुढचं म्हनलं. ड्रायवर मही पिशवी धरून उभाच राह्यला.

आता चांगली रमली म्हनते नवीन. पन मी कुठं गावाले निंगाली का भुरीबाई म्हनते, "लवकर नोको येऊ, बाई. चांगली राहून ये." अन् तिची सून सांगते का मी गेली का तिले जेवन जात नाई.